सी भाषेत डिजिटल सर्टिफिकेट एन्कोड-डीकोड करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमध्ये मीटर आणि गेटवे बनवणारे, रबाळे-महापे पट्ट्यात फर्मवेअर लिहिणारे, न्हावा शेव्याच्या कस्टम कामासाठी डीएससीचं (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) सॉफ्टवेअर सांभाळणारे आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अंगावर आलेले विद्यार्थी: या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फंक्शनची नावं आणि हेक्स बाइट उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत (ए ते एफ ही हेक्सची अक्षरं). कोडमध्ये ते अर्थातच मूळ स्पेलिंगने टाकायचे. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे उत्तर ओपनएसएसएल ३ (सर्टिफिकेट आणि एन्क्रिप्शनची सी लायब्ररी) धरून आहे.

१. सर्टिफिकेट डीकोड करायला पासवर्ड किंवा किल्ली लागते का?

नाही. सर्टिफिकेट गुप्त नसतंच, ते सगळ्यांनी वाचावं म्हणूनच असतं. पासवर्ड लागतो तो .पी१२ किंवा .पीएफएक्स फाइलला, कारण तिच्यात खाजगी किल्लीही असते.

सर्टिफिकेटचा ढाचा एक्स.५०९ या मानकात ठरला. त्याची पहिली आवृत्ती १९८८ची. इंटरनेटवर तो कसा वापरायचा ते मे २००८च्या आरएफसी ५२८० मध्ये आहे. ढाचा एएसएन.१ या वर्णनभाषेत लिहिलेला असतो आणि त्याचे बाइट डीईआर नियमांनी पाडतात. एकाच मजकुराचे डीईआर बाइट एकाच प्रकारे पडू शकतात, दुसरा पर्याय नाही. सही बाइटवर होते, म्हणून हा आग्रह.

वरून पाहिलं तर भाग तीनच: टीबीएस म्हणजे ज्यावर सही होते तो मजकूर, सहीचा अल्गोरिदम, आणि सही. डीकोड नीट झालं याचा अर्थ एवढाच की बाइट व्याकरणात बसतात. सर्टिफिकेट खरं आहे की नाही हा प्रश्न ११ चा विषय.

२. माझ्याकडे .सीईआर फाइल आहे. ती पीईएम आहे की डीईआर, कसं ओळखू?

एक्स्टेन्शनवर जाऊ नका, .सीईआर आणि .सीआरटी दोन्ही प्रकारांना लावतात. पहिले बाइट बघा. ३० ८२ ने सुरुवात असेल तर डीईआर. पाच डॅश आणि 'बिगिन सर्टिफिकेट' असेल तर पीईएम, म्हणजे तेच डीईआर बेस६४ मध्ये, ६४ अक्षरांच्या ओळी पाडून. पीईएमचा मजकूर जवळजवळ नेहमी 'एमआयआय' या अक्षरांनी सुरू होतो, कारण ३० ८२ चं बेस६४ तसंच होतं.

इथे दोन गोष्टी बिघडतात. विंडोजवर डीईआर फाइल 'आर' मोडमध्ये उघडली तर ०डी ०ए ही जोडी एका बाइटची होते आणि १ए आला की फाइल संपली असं समजलं जातं. कधी चालतं, कधी नाही, आणि दोष लायब्ररीला दिला जातो. 'आरबी' लावा. दुसरं, नोटपॅडमधून सेव्ह केलेल्या पीईएमच्या सुरुवातीला बीओएमचे (फाइल यूटीएफ-८ आहे ही खूण) तीन बाइट (ईएफ बीबी बीएफ) येऊ शकतात. 'नो स्टार्ट लाइन' या एररचं ते एक कारण आहे.

३. बाइट हाताने वाचायला शिकायचं आहे. कुठून सुरू करू?

एका छोट्या तुकड्यापासून. सब्जेक्टमध्ये गावाच्या जागी 'ठाणे' असं देवनागरीत लिहिलं तर हे २३ बाइट पडतात:

३१ १५ ३० १३ ०६ ०३ ५५ ०४ ०७ ०सी ०सी ई० ए४ ए० ई० ए४ बीई ई० ए४ ए३ ई० ए५ ८७

प्रत्येक घटक टॅग, लांबी, मजकूर असाच असतो. ३१ म्हणजे सेट, पुढचे १५ म्हणजे दशमान २१ बाइट त्याचे. आत ३० म्हणजे सीक्वेन्स, लांबी १३ म्हणजे १९. मग ०६ हा ओआयडीचा (ठिपक्यांच्या आकड्यांनी दिलेली ओळख) टॅग, लांबी ३, आणि ५५ ०४ ०७ म्हणजे २.५.४.७, गावाचं नाव. पहिला ०सी हा यूटीएफ-८ स्ट्रिंगचा टॅग आणि दुसरा ०सी ही लांबी, १२. तो योगायोग आहे, बाइट चुकून दोनदा आलेला नाही. ठ, काना, ण, मात्रा असे चार कोडपॉइंट, प्रत्येकी तीन बाइट, म्हणून १२.

लांबी १२७ पर्यंत असली की एका बाइटात मावते. त्यापुढे पहिला बाइट पुढे लांबीचे किती बाइट आहेत ते सांगतो: ८१ असेल तर एक, ८२ असेल तर दोन. ३० ८२ ०३ ए५ याचा अर्थ सीक्वेन्स, लांबी ९३३. फाइल मात्र ९३७ बाइटची असेल, कारण टॅग आणि लांबीचे चार बाइट त्यात धरलेले नसतात. आपलं उत्तर बरोबर आलं का हे ओपनएसएसएलच्या 'एएसएन१पार्स' कमांडने ताडून पाहा. डावीकडे ऑफसेट, मग खोली, हेडरची लांबी आणि मजकुराची लांबी दिसते.

४. डी२आय_एक्स५०९ ने सर्टिफिकेट वाचलं, पण नंतर बफर फ्री करताना प्रोग्राम कोसळतो. का?

कारण ते फंक्शन तुमचा पॉइंटर पुढे सरकवतं. दुसऱ्या पॅरामीटरला पॉइंटरचा पत्ता जातो आणि काम झालं की तो पॉइंटर वाचलेल्या शेवटच्या बाइटच्या पुढे उभा असतो. तोच फ्री केला की कोसळणारच. उपाय सरळ आहे: बफरचा मूळ पॉइंटर वेगळा ठेवा, त्याची प्रत 'कॉन्स्ट अनसाइन्ड कॅर' पॉइंटरमध्ये घ्या आणि प्रतीचा पत्ता द्या.

सरकलेल्या पॉइंटरचा फायदाही घ्या. तो बफरच्या टोकाशी पोचला नसेल तर सर्टिफिकेटनंतर जादा बाइट आहेत. फंक्शन त्याबद्दल तक्रार करत नाही, ती तपासणी तुमची. पहिला पॅरामीटर नल ठेवा आणि परत आलेली किंमत वापरा. जुन्या एक्स५०९ ऑब्जेक्टमध्येच नवं डीकोड करण्याची सोय आहे, पण तिच्या वाटेला न गेलेलं बरं. नल परत आलं तर ईआरआर_प्रिंट_एरर्स_एफपी ला एसटीडीएरर द्या, नेमका कुठला टॅग अडला ते कळतं.

५. उलट दिशेला, आय२डी_एक्स५०९ ने डीईआर कसं काढायचं?

पॉइंटर नल ठेवून त्याचा पत्ता द्या. मेमरी लायब्ररी घेते, पॉइंटर सुरुवातीलाच राहतो, काम झाल्यावर ओपनएसएसएल_फ्री. साध्या फ्रीने सोडू नका. स्वतःचा बफर वापरायचा असेल तर आधी दुसऱ्या पॅरामीटरला थेट नल देऊन लांबी विचारा, तेवढा बफर घ्या, मग पुन्हा कॉल करा. या पद्धतीत पॉइंटर सरकतो, म्हणजे प्रश्न ४ चीच काळजी. परत आलेली किंमत शून्य किंवा उणे असेल तर एरर धरा.

६. ओपनएसएसएलला चालणारं पीईएम एम्बेडटीएलएसमध्ये (छोट्या बोर्डांसाठीची लायब्ररी) पार्स होत नाही, -०एक्स२१८० येतो. सर्टिफिकेट तर बरोबर आहे.

सर्टिफिकेट बरोबरच असणार. एमबेडटीएलएस_एक्स५०९_सीआरटी_पार्स ला पीईएम देताना लांबीत शेवटचा शून्य बाइट धरावा लागतो, म्हणजे एसटीआरलेन अधिक एक. तो नसला तर लायब्ररी त्याला डीईआर समजते आणि पहिल्याच बाइटला ३० ऐवजी डॅश पाहून परत फिरते. डीईआर देताना मात्र हा जादा एक नको.

याच फंक्शनने धन आकडा परत दिला तर तितकी सर्टिफिकेट वाचता आली नाहीत, बाकीची आली. फक्त 'उणे आहे का' एवढंच तपासणाऱ्या कोडला हे कळतही नाही.

७. क्लायंटचं सर्टिफिकेट ३१ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत चालायला हवं, पण आमचं सॉफ्टवेअर संध्याकाळी साडेसहालाच ते संपलं म्हणतं.

साडेपाच तासांचा फरक दिसला की आधी एमकेटाइमकडे बघा. सर्टिफिकेटमधली वेळ यूटीसीत असते. ३१ मार्च २०२७ ची रात्र ११:५९:५९ ही आपली वेळ आत '२७०३३११८२९५९झेड' अशी बसते: टॅग १७, लांबी ०डी, म्हणजे तेरा अक्षरं. हे आकडे टीएम स्ट्रक्चरमध्ये भरून एमकेटाइमला दिले की ते १८:२९:५९ ही भारतीय वेळ समजतं. संध्याकाळी साडेसहा. टेंडर भरायचा शेवटचा दिवस असेल तर काय गोंधळ उडतो ते ई-टेंडर भरणाऱ्यांना सांगायला नको. लिनक्सवर टाइमजीएम, विंडोजवर _एमकेजीएमटाइम वापरा. त्याहून बरं म्हणजे एएसएन१_टाइम_डिफ ला थेट दिवस आणि सेकंदांचा फरक विचारा.

उलट बाजूही लक्षात असू द्या: रात्री दोनला दिलेल्या सर्टिफिकेटवर आदल्या दिवसाची तारीख दिसते. ती चूक नाही.

एन्कोड करताना: २०४९ पर्यंत यूटीसीटाइम, २०५० पासून जनरलाइझ्डटाइम (टॅग १८, वर्ष चार आकडी). दोन आकडी वर्ष ५० किंवा जास्त असेल तर ते १९०० च्या शतकातलं. सेकंद लिहायलाच हवेत, अपूर्णांक चालत नाहीत, शेवटी झेड हवाच. एक्स५०९_सीएमपी_टाइम एरर आली तर शून्य परत देतं, 'दोन्ही वेळा सारख्या' असा त्याचा अर्थ नाही. आणि ३२ बिटी टाइम_टी असलेल्या बोर्डावर १९ जानेवारी २०३८ च्या पलीकडची तारीख टाइम_टी मध्ये बदलूच नका.

८. गेटवेची वीज जाऊन आली की प्रत्येक सर्टिफिकेट 'अजून लागू झालेलं नाही' असं येतं.

बोर्डावर आरटीसीची (घड्याळाच्या चिपची) बॅटरी नाही किंवा मेली आहे, आणि घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सुरू झालं. तारखेची तपासणी बंद करणं हा उपाय नव्हे. फर्मवेअर बिल्ड केल्याची वेळ कोडमध्ये ठेवा, घड्याळ तिच्या मागे असेल तर तिथवर आणा, मग मॉडेमकडून किंवा एनटीपीने खरी वेळ घ्या आणि त्यानंतरच टीएलएस जोडा. एम्बेडटीएलएस वापरत असाल तर 'हॅव टाइम डेट' हा पर्याय चालू आहे का बघा. तो बंद असेल तर तारखा तपासल्याच जात नाहीत, आणि 'आमच्याकडे हा प्रॉब्लेम येत नाही' म्हणणाऱ्यांच्या बाबतीत बरेचदा तेच निघतं.

९. नाव मराठीत टाकलं तर चालतं का? आमच्याकडे ते उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे असं दिसतं.

चालतं. यूटीएफ-८ स्ट्रिंग त्यासाठीच आहे. 'दिसतं' आणि 'आत आहे' हे दोन प्रश्न वेगळे करा.

दिसण्याचा दोष बहुतेक वेळा एक्स५०९_नेम_वनलाइन चा; ते १२७ पुढचे बाइट एस्केप करून छापतं. एक्स५०९_नेम_प्रिंट_एक्स वापरा आणि फ्लॅगमधून एएसएन१_एसटीआरएफएलजीएस_ईएससी_एमएसबी काढून टाका.

आतलं बिघडतं ते नाव घालताना. एक्स५०९_नेम_ॲड_एंट्री_बाय_टीएक्सटी ला प्रकार एमबीस्ट्रिंग_यूटीएफ८ द्यायला हवा. नेटवरच्या उदाहरणांत एमबीस्ट्रिंग_एएससी असतं आणि तेच चिकटवलं जातं. ते प्रत्येक बाइटला लॅटिन-१ चं एक अक्षर मानतं. मग प्रश्न ३ मधल्या 'ठाणे'चे १२ बाइट १२ अक्षरं होतात आणि पुन्हा यूटीएफ-८ होऊन २४ बाइट पडतात. एएसएन१पार्समध्ये लांबी दुप्पट दिसली की हेच झालं आहे. कॉमन नेमची मर्यादा ६४ ही अक्षरांची आहे, बाइटची नव्हे. मात्र जोडाक्षरात कोडपॉइंट वाढतात हे धरून चला.

इंग्रजी नाव असेल तरी प्रिंटेबलस्ट्रिंगमध्ये अँपरसँड, तारा, ॲट आणि अंडरस्कोर बसत नाहीत. पेढीच्या नावात 'अँड सन्स'साठी अँपरसँड असला की झालंच. तिथेही यूटीएफ-८च घ्या. देशाचं दोन अक्षरी नाव तेवढं प्रिंटेबलस्ट्रिंगमध्ये राहतं.

स्ट्रिंग वाचताना एसटीआरलेन, एसटीआरसीपीवाय विसरा. या स्ट्रिंगना शेवटचा शून्य नसतो आणि मध्ये शून्य बाइट असू शकतो. एएसएन१_स्ट्रिंग_लेंग्थ आणि एएसएन१_स्ट्रिंग_गेट०_डेटा ही जोडीच वापरा. शेवटी शून्य असणारच हे गृहीतक खुद्द ओपनएसएसएलमध्येही चुकलं होतं. २०२१ ची सीव्हीई-२०२१-३७१२ ती हीच (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक).

१०. सीरियल नंबर जुळत नाही. पोर्टलवर एक, आमच्या प्रोग्रामात दुसरा.

याची कारणं चार आणि चारही नेहमीची.

पहिलं: डीईआरमध्ये पूर्णांकाला चिन्ह असतं. सर्वांत वरचा बिट १ असेल तर आधी ०० लावावा लागतो, नाहीतर आकडा उणे होतो. कोणी तो ०० दाखवतं, कोणी नाही. तुलना करताना पुढची शून्यं काढा.

दुसरं: एएसएन१_इंटिजर_गेट वापरलं आहे. सीरियल २० बाइटपर्यंत असू शकतो, लाँगमध्ये मावत नाही, आणि ते -१ देतं. एएसएन१_इंटिजर_टू_बीएन आणि मग बीएन_बीएन२हेक्स.

तिसरं: विंडोजचं क्रिप्टोएपीआय. सर्ट_इन्फो मधला सीरियलनंबर उलट्या क्रमाने ठेवलेला असतो, शेवटचा बाइट आधी. छापण्यापूर्वी फिरवा.

चौथं विशेषतः आपल्याकडच्या डीएससीत भेटतं. सब्जेक्टमध्येही 'सीरियलनंबर' नावाचं एक फील्ड (२.५.४.५) असतं आणि सीसीएच्या (कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज) नियमांप्रमाणे त्यात पॅनचा शा-२५६ हॅश, ६४ हेक्स अक्षरांत असतो. त्याचा सर्टिफिकेटच्या क्रमांकाशी संबंध नाही. माणूस तोच आहे का हे पाहायला हे फील्ड, सर्टिफिकेट तेच आहे का हे पाहायला इश्युअर आणि सीरियल ही जोडी.

११. डीकोड केलेल्या भागांवरून पुन्हा एन्कोड करून सही तपासली तर ती फसते. असं का?

सही मूळ बाइटवर झालेली असते, तुम्ही नव्याने पाडलेल्या बाइटवर नाही. जुन्या किंवा ढिल्या सॉफ्टवेअरने केलेल्या सर्टिफिकेटमध्ये डीईआरचे बारीक नियम मोडलेले असतात: क्रिटिकल 'नाही' असताना ते लिहिलेलं, खरं म्हणून एफएफ ऐवजी ०१. तुमचा एन्कोडर ते शहाण्यासारखं दुरुस्त करतो आणि हॅश बदलतो. म्हणून आलेले बाइट जसेच्या तसे जपा. ओपनएसएसएल टीबीएसची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवतं, म्हणून एक्स५०९_व्हेरिफाय ला ही अडचण येत नाही. सर्टिफिकेटमध्ये तुम्हीच बदल करत असाल तर ती जुनी प्रत आड येते. नवे टीबीएस बाइट आय२डी_आरई_एक्स५०९_टीबीएस ने काढा. एक्स५०९_साइन हे आपणहून करतं.

हॅश स्वतः काढणाऱ्यांसाठी: टीबीएसचा टॅग आणि लांबी, म्हणजे आतल्या ३० ८२ पासूनचे चार बाइट, हॅशमध्ये धरायचे. ते वगळणं ही विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधली पहिल्या क्रमांकाची चूक. दुसरी, सहीच्या बिट स्ट्रिंगचा पहिला ०० (न वापरलेले बिट किती ते सांगणारा) सहीतच धरणं.

एक्स५०९_व्हेरिफाय १, ० किंवा उणे देतं. 'इफ' मध्ये नुसतं टाकलं तर उणेही खरं ठरतं. एक शी तुलना करा. याच जातीच्या चुकीसाठी सीव्हीई-२००८-५०७७ निघाली होती. आणि एका सहीने काम संपत नाही: रूटपर्यंतची साखळी, तारखा, वापर आणि रद्द यादी हे सगळं एक्स५०९_व्हेरिफाय_सर्ट आणि त्याच्या स्टोअरचं काम आहे.

१२. डीएससी क्लास ३ आहे हे कोडमधून कसं ओळखू?

सर्टिफिकेट पॉलिसीज या एक्स्टेन्शनमध्ये २.१६.३५६.१००.२.३ हा ओआयडी शोधा. बाइट: ०६ ०६ ६० ८२ ६४ ६४ ०२ ०३. पहिले दोन आकडे एकत्र होतात (२ गुणिले ४० अधिक १६, म्हणजे ९६, हेक्स ६०). ३५६ मात्र १२७ हून मोठा, म्हणून सात-सात बिटांचे तुकडे: २ आणि १००, शेवटचा सोडून बाकी तुकड्यांचा वरचा बिट १, म्हणून ८२ ६४. क्लास २ देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. नावात 'क्लास ३' असा मजकूर शोधून निर्णय घेऊ नका.

१३. की-युसेज घातलं, पण समोरचा सर्व्हर ते मानत नाही.

डिजिटल सिग्नेचर आणि की एन्सायफरमेंट यांचं अख्खं एक्स्टेन्शन असं दिसलं पाहिजे:

३० ०ई ०६ ०३ ५५ १डी ०एफ ०१ ०१ एफएफ ०४ ०४ ०३ ०२ ०५ ए०

बिट डावीकडून मोजतात, म्हणून बिट ० म्हणजे ८०, बिट २ म्हणजे २०, मिळून ए०. उजवीकडचे पाच बिट वापरात नाहीत, तो ०५. उजवीकडून मोजलं तर शेवटच्या बाइटला ए० ऐवजी ०५ येतो. मग ती बिट स्ट्रिंग ०४ च्या ऑक्टेट स्ट्रिंगमध्ये एकदाच गुंडाळायची. लायब्ररी गुंडाळत असताना आपणही गुंडाळलं की ०४ ०६ ०४ ०४ दिसतं.

१४. सिक्युअर एलिमेंट चिप ६४ बाइटची सही देते, ती सर्टिफिकेटमध्ये तशीच टाकली तर चालेल?

नाही. ती ईसीडीएसए सहीतले आर आणि एस हे दोन आकडे, प्रत्येकी ३२ बाइट. सर्टिफिकेटला दोन पूर्णांकांचा सीक्वेन्स हवा. प्रत्येकाची पुढची शून्यं काढायची, वरचा बिट १ असेल तर ०० लावायचा (प्रश्न १०), मग ०२ आणि लांबी. पी-२५६ ला त्यामुळे लांबी बहुधा ७० ते ७२ येते, क्वचित कमी. कायम ७२ धरणारा कोड काही दिवस चालून अचानक फसतो. ईसीडीएसए_सिग_सेट० आणि आय२डी_ईसीडीएसए_सिग हे बरोबर करतात. आणखी एक: आरएसएच्या अल्गोरिदममागे ०५ ०० लागतो, ईसीडीएसएच्या मागे तो लावायचा नाही.

१५. कुठलं फ्री करायचं, कुठलं नाही?

नावात गेट० असेल तर नाही, गेट१ असेल तर हो. अपवाद जुन्या नावांचे: एक्स५०९_गेट_सब्जेक्ट_नेम चं फ्री करू नका, एक्स५०९_गेट_पबकी चं करा.

१६. जुना कोड 'इन्कम्प्लीट टाइप' म्हणून कंपाइल होत नाही.

२०१६ च्या १.१.० पासून एक्स५०९ चं स्ट्रक्चर झाकलेलं आहे. बाणाने आत शिरणं बंद, गेट-सेट फंक्शन वापरा. १.१.१ चा मोफत सपोर्टही सप्टेंबर २०२३ मध्ये संपला, तेव्हा हेडर जुने ठेवून चालवण्यात अर्थ नाही.

१७. मेमरी कमी आहे. स्वतःचाच छोटा पार्सर लिहिला तर?

आमचं मत: शक्यतो लिहू नका. डीकोडिंग सही तपासण्याच्या आधी होतं, म्हणजे पार्सरला मिळणारे बाइट कोणाचेही असू शकतात. मुरलेल्या लायब्रऱ्याही इथे घसरल्या आहेत. मार्च २०२२ च्या सीव्हीई-२०२२-०७७८ मध्ये नुसतं सर्टिफिकेट वाचताना ओपनएसएसएल अनंत लूपमध्ये जात होतं.

लिहायचाच असेल तर नियम कडक ठेवा. पॉइंटर आणि शेवट अशी जोडी सगळीकडे पाठवा. लांबीची तुलना 'शेवट वजा पॉइंटर' शी करा. 'पॉइंटर अधिक लांबी' ही बेरीज ३२ बिटी बोर्डावर उलटून लहान होते आणि तपासणी निसटते. लांबीत ८० आला तर नकार (ती बीईआर या ढिल्या नियमांतली अनिश्चित लांबी), ८१ नंतर ८० हून लहान आकडा आला तर नकार, ८२ नंतर ०० आला तर नकार. टॅगचे खालचे पाचही बिट १ असतील तर नकार. सीक्वेन्सची मुलं त्याच्या शेवटाशी तंतोतंत संपली पाहिजेत, एक बाइट जास्त नको, कमी नको. रिकर्शन असेल तर खोलीला मर्यादा घाला.

चाचणीसाठी एक चांगलं सर्टिफिकेट घ्या आणि त्याचे शून्यापासून एक कमी लांबीपर्यंतचे सगळे तुकडे पार्सरला द्या. प्रत्येक तुकड्यावर एररच आली पाहिजे. प्रत्येक वेळी नेमक्या तेवढ्याच बाइटचा नवा मॅलॉक करा आणि ॲड्रेस सॅनिटायझर लावून चालवा. मोठ्या बफरमध्ये तुकडा ठेवलात तर पलीकडचं वाचलेलं सॅनिटायझरला दिसणारच नाही.